धबधब्याचा फोटो: फिल्टर घेण्याआधी पाणी आणि ढग ओळखा

प्रश्न असा आहे: ठाण्याहून दोनदा कोकणात जाणं झालं, एकदा ऑगस्टमधल्या रविवारी आंबोली आणि एकदा मार्लेश्वर. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, सोबत १८-५५ (वाइड) आणि ५५-२५० (टेली) मिमी अशा दोन लेन्स आणि साधा ट्रायपॉड. फोटोंत पाणी म्हणजे नुसता पांढरा पट्टा, मागे करडं धुकं आणि निम्म्या फोटोंवर थेंबांचे डाग. तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) कितीचा घ्यावा, आणि धबधब्यांसाठी सगळ्यात चांगला महिना कोणता?

आधी फिल्टरचं बोलतो, कारण पैसे तिथे जाणार आहेत. ऑगस्टच्या भर पाण्यात एनडी लावलात तर ही तक्रार वाढेल. पांढरा पट्टा, धुकं आणि थेंब या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि एनडी त्यांतल्या एकावरही उपाय नाही. कोणत्या धबधब्यापुढे, कोणत्या दिवसांत आणि किती अंतरावर उभं राहायचं, यावर बरंचसं ठरतं. महिन्याचा प्रश्नही म्हणून धबधब्यागणिक वेगळा सुटतो.

पांढऱ्या पट्ट्याची कारणं दोन. पहिलं कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं. सह्याद्रीचा कडा काळ्या बेसाल्टचा, आणि ओला झाला की आणखीच काळा दिसतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. फ्रेममध्ये काळा खडक जास्त असला की ते त्याला उजळवायला जातं आणि पाण्यातला तपशील जळून जातो. म्हणून काळ्या कड्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम काळसर किंवा उजळ करायची सोय) उणे ०.७ ते उणे १.३ ठेवा, रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढा आणि जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवा. पाण्यात एखाददुसरा ठिपका लुकलुकला तर हरकत नाही, पट्टाच्या पट्टा लुकलुकला तर आणखी खाली या. खडकाचा काळोख नंतर उजळता येतो, जळालेलं पाणी परत येत नाही. धुकं आलं की हिशोब नेमका उलटतो. तिथे फ्रेम पांढरी असते, मीटर तिला करडी करतं, म्हणून अधिक ०.७ ते अधिक १ द्यावं लागतं. घाटात हे दोन्ही प्रसंग एकाच तासात येतात, तेव्हा कॉम्पेन्सेशनची चकती कुठे ठेवली आहे हे प्रत्येक वेळी बघायची सवय लावा.

दुसरं कारण वेळेचं, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. "धबधबा म्हणजे एक-दोन सेकंदांचा फोटो" हे डोक्यात बसलेलं असतं. उभ्या कड्यावरून दहा मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला चौदा मीटरच्या आसपास असतो. १/८ सेकंदात ते पावणेदोन मीटर सरकतं, म्हणजे रेशमासारखा ओघळ त्यात मिळून गेलेला असतो. ऑगस्टमध्ये पाण्याच्या धारांमध्ये काळी फट फारशी नसतेच, आणि जी असते तीही क्षणात फेसाने भरून जाते. एक सेकंद उघडं ठेवलंत तर प्रत्येक फटीवरून कधी ना कधी फेस गेलेला असतो, आणि उरतो सपाट पांढरा रंग. भर पाण्याला १/३० ते १/१५ द्या. धारा सुट्या दिसतात, वजन कळतं, पाणी गोठलेलंही वाटत नाही. नोव्हेंबरात पायरी-पायरीने खडकावरून ओघळणारं पातळ पाणी मात्र सेकंदाला मीटर-दीड मीटरच चालतं, त्याला अर्धा ते दोन सेकंद लागतात. म्हणजे शटरची वेळ पाणी ठरवतं. पाणी वाढलं की वेळ कमी, पाणी आटलं की वेळ जास्त.

हे आकडे साधारण पूर्ण धबधबा फ्रेममध्ये बसवला तर लागू पडतात. २५० मिमीने एखाद्याच टप्प्याचा तुकडा घेतलात तर तीच हालचाल फ्रेममध्ये मोठी दिसते, तेव्हा एक-दोन पायऱ्या जलद जा, म्हणजे वेळ निम्मी किंवा पाव करा. तुषार आणि उसळी थेंबाथेंबात दाखवायची असेल तर १/८०० ते १/१०००, आयएसओ ४०० ते ८००. मधलं १/१२५ सहसा धड इकडचं नाही आणि तिकडचं नाही असं दिसतं.

आता पाणी. कोकणातल्या धबधब्यांचे ढोबळ दोन प्रकार करता येतात. एक, सड्याच्या (उघड्या खडकाळ पठाराच्या) किंवा कड्याच्या काठावरून थेट उतरणारे. यांच्या मागे पाणलोट थोडा असतो. सर आली की दुथडी, उघडीप पडली की एक-दोन दिवसांत निम्मं पाणी, आणि आठवडाभर कोरडं गेलं की नुसता ओला डाग. घाटरस्त्याच्या कडेला जुलैत मोजता येणार नाहीत इतके दिसतात ते बहुतेक हेच. दोन, ज्यांच्या मागे जंगल, झरे आणि बारमाही किंवा दीर्घकाळ वाहणारा व्हाळ, म्हणजे ओढा आहे असे. हे सावकाश चढतात आणि सावकाश उतरतात. वैभववाडीजवळचा नापणे यांतला, उन्हाळ्यातही वाहता राहणारा. नकाशावर उपग्रह-चित्र उघडून धबधब्याच्या वरची बाजू पाहा. वर दाट हिरवा पट्टा आणि लांबवर जाणारा ओढा दिसला तर तुमच्याकडे डिसेंबरपर्यंत वेळ आहे. वर उघडा सडा असेल तर पावसाच्या मागोमागच जावं लागेल.

या हिशोबाने वर्ष मांडताना इंग्रजी महिन्यांपेक्षा नक्षत्रं सोयीची पडतात. गावाकडे पावसाची भाषा तीच आहे आणि तिथल्या माणसाला विचारायचं तर त्याच भाषेत नेमकं उत्तर मिळतं.

मृग ७-८ जूनला लागतो. पहिलं पाणी गढूळ, तांबूस, पालापाचोळा आणि काटक्या घेऊन येणारं. या दिवसांत लांब शटर लावलं की चहाच्या रंगाचा पट्टा मिळतो. फोटो म्हणून हे दिवस मला आवडत नाहीत, अपवाद फक्त पहिल्या सरीनंतर ओल्या लाल जांभ्याचा आणि कोवळ्या हिरव्याचा. खडकावर शेवाळ अजून धरलेलं नसतं, पण उन्हाळ्याची सुटी झालेली माती आणि दगड सरकत असतात, तेव्हा निर्धास्त होऊ नका. आर्द्रा (२१-२२ जून) सरता सरता पाणी निवळू लागतं.

पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे ५-६ जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या दिवसांपर्यंत, झडीचे दिवस. पाणी सगळ्यांत जास्त, फोटो सगळ्यांत कमी. याचं कारण ढगांची उंची. पावसाळी ढग या दिवसांत बऱ्याचदा घाटमाथ्यावरच टेकलेले असतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, म्हणजे तुम्ही धुक्याचा फोटो काढायला ढगाच्या आतच जाऊन उभे राहिला होतात. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर यात आहे. त्याच दिवशी खाली तळकोकणात, पायथ्याच्या धबधब्यांपुढे हवा स्वच्छ असू शकते. कणकवली तालुक्यातला सावडाव रुंद आणि बेताच्या उंचीचा, आडव्या फ्रेमला चांगला. चिपळूणजवळ परशुराम घाटाच्या बाजूचा सवतसडा महामार्गावरूनच दिसतो, ५५-२५० रस्त्याच्या बाजूच्या सुरक्षित जागेवरून पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये पायथा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माथा, एवढा एक नियम पाळलात तरी धुक्याची निम्मी तक्रार संपेल.

जुलैत माथ्यावर जायचंच असेल तर उलट्या धबधब्यासाठी जा. आंबोलीजवळच्या कावळेसादला नैर्ऋत्येचा वारा दरीतून वर येतो आणि काठावरून पडणारं पाणी परत वर फेकतो. इथे लांब शटर लावलं तर नुसतं धुकं दिसतं, पाणी वर जातंय हे कळतच नाही. १/२५० ते १/५०० ठेवा, धारांचं वरच्या दिशेने वळणं दिसू द्या, मागे गडद कडा किंवा झाडी येईल असा कोन घ्या. वारा थेट तोंडावर पाणी मारतो, म्हणून समोर न उभं राहता काठापासून मागे, बाजूला उभं राहून टेलीने काढा. कठड्याच्या पलीकडून मिळणारा कोणताही कोन कठड्याच्या अलीकडल्या कोनापेक्षा चांगला नाही. जे वाऱ्याने वर जातं ते पाणी, माणूस नव्हे.

आश्लेषा आणि मघा, २-३ ऑगस्टपासून महिनाअखेरपर्यंत, उघडिपीचे दिवस. तास-दोन तास ढग वर उचलले जातात, पाणी नितळ आणि भरपूर असतं, भात पोपटी झालेलं असतं. ऑगस्ट वाईट महिना नाही. रविवार वाईट होता. गर्दीचा त्रास फ्रेममध्ये माणसं येण्यापुरता नसतो. ट्रायपॉड ठेवायला जागा मिळत नाही, पायऱ्यांवर कंप जाणवतो आणि घाईत चुकीच्या ठिकाणी उभं राहिलं जातं. आंबोलीचा मुख्य धबधबा रस्त्यालाच लागून आहे, तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आठच्या आत पोहोचणं हाच खरा फिल्टर.

पूर्वा आणि उत्तरा, ३०-३१ ऑगस्टपासून २६ सप्टेंबरपर्यंत. कोणी मला एकच पंधरवडा निवडायला लावला तर उत्तरा निवडीन. पाणी अजून आहे, धारांमध्ये काळ्या फटी दिसू लागल्या आहेत, सड्यावर तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवं फुललेली आहेत. धबधबा मागे आणि फुलं पुढे अशी फ्रेम याच दिवसांत जमते. इथे एक अडचण येते: पाण्याला १/४ सेकंद हवा आणि धबधब्याच्या वाऱ्याने फुलं हलत असतात. दोन फोटो काढा. पहिला पाण्यासाठी १/४, आयएसओ १००. दुसरा ट्रायपॉड न हलवता, छिद्र तेच ठेवून, फुलांसाठी १/१२५, आयएसओ ३२००. नंतर दुसऱ्यातली फुलं पहिल्यात मास्क करून घ्या. फोकस मॅन्युअलवर टाका, नाहीतर दोन फोटोंत तो सरकतो. फुलांसाठी सड्यावर वाकताना पाय कुठे पडतोय ते बघा. गेंद आणि आसवं दोन-तीन इंचांची असतात, एका बैठकीत वीतभर जागा उजाड होते.

हस्त (२६-२७ सप्टेंबर) लागला की पाऊस दुपारनंतर गडगडून येतो, सकाळ मोकळी असते. आंबोली, घाटमाथ्यावरच्या अरुंद घळीत कोसळणारा नांगरतास, सगळा माथा आता दिसतो. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळच्या देवकुंडला तर पावसाळ्यात जाऊच नये. वाटेत ओढे ओलांडावे लागतात, आणि तिथे पावसाळ्यात मनाई आदेश निघतात. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा त्याचा काळ. कुंडाभोवती उंच भिंती असल्याने ऊन मधल्या वेळातच आत येतं आणि तेव्हा पाणी हिरवट-निळं दिसतं. कोणत्याही धबधब्याला निघण्याआधी त्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीत फोन करून आदेश चालू आहे का विचारा. समाजमाध्यमांवरचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ हा पुरावा नव्हे.

नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत पाणी थोडं, पण फोटोसाठी मला हा काळ कमी लेखलेला वाटतो. खडकाची थरांची रचना दिसते, डोहात प्रतिबिंब पडतं, पाऊलवाट कोरडी असते. मार्लेश्वरचा धारेश्वर धबधबा या दिवसांत शांतपणे काढता येतो, फक्त मकरसंक्रांतीची यात्रा टाळा, नाहीतर यात्राच काढायला म्हणून जा. फेब्रुवारी ते मे बहुतेक कडे कोरडे. हे दिवस पाहणीचे. पाण्याखाली कुठे खळगे आहेत, कोणता दगड डुगडुगतो, वाट कुठून उतरते, हे उन्हाळ्यातच दिसतं. फोनचं होकायंत्र घेऊन कड्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवा.

ती दिशा का महत्त्वाची, तर सह्याद्रीच्या कोकणाकडच्या कड्यावरून पडणारे बहुतेक धबधबे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सूर्य कड्याच्या मागून येतो. पाऊस संपल्यावरच्या निरभ्र दिवसांत सकाळी बराच वेळ अख्खा धबधबा सावलीत असतो आणि हाच मऊ, सारखा प्रकाश लांब शटरला हवा असतो. फक्त वरचं आकाश तेव्हा झगझगीत असतं, ते फ्रेमबाहेर ठेवा. सावलीतल्या पाण्याला निळी छटा येते, व्हाइट बॅलन्स ६५०० ते ७००० केल्व्हिन ठेवलात की खडक खडकाच्या रंगाचा दिसतो. सूर्य कड्यावर येतो ती दहा-पंधरा मिनिटं वेगळी: तुषार मागून उजळतात, तेव्हा १/५०० वर जा. मग दुपारी ऊन थेट पाण्यावर आलं की लेन्स पिशवीत.

इंद्रधनुष्य हवं असेल तर दुपार सोडू नका. सूर्य तुमच्या पाठीशी आणि ४२ अंशांपेक्षा खाली असला की समोरच्या तुषारांत धनुष्य दिसतं. पश्चिममुखी धबधब्याला हे दुपारीच जमतं, ऑक्टोबरच्या मध्याला कोकणात साधारण तीननंतर. उंचावरून खाली तुषारांकडे पाहत असाल तर आधीही दिसेल. आणि पोलरायझर (चमक काढणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावलेला असेल तर तो फिरवून बघा, कारण धनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो आणि चुकीच्या कोनात पोलरायझर तो अख्खा पुसून टाकतो. समोर डोळ्यांना दिसतंय आणि कॅमेऱ्यात नाही, याचं कारण बहुधा हेच.

थेंबांच्या तक्रारीवर पहिला उपाय अंतर. धबधब्याच्या पायथ्याशी पाण्याबरोबर हवाही खाली येते आणि बाहेर फेकली जाते, म्हणून वारा नसतानाही तुषार तुमच्याकडेच येतात. वाइड लेन्स घेऊन जवळ जाण्यापेक्षा धबधब्याच्या उंचीच्या दीड-दोन पट मागे या आणि ५५-२५० वापरा. पावसाळ्यात वाइडपेक्षा टेली जास्त उपयोगी, हे माझं ठाम मत आहे. हूड नेहमी लावलेलं, कॅमेऱ्यावर शॉवर कॅप, फ्रेम ठरेपर्यंत लेन्सचं तोंड खाली. पुसायला आधी जुन्या सुती पंच्याचा मऊ तुकडा, तो पाणी टिपून घेतो; मग कोरडं मायक्रोफायबर. एकच कापड ओलं झाल्यावर फिरवत राहिलं की नुसता थर पसरतो, म्हणून चार-पाच तुकडे वेगळ्या पिशवीत न्या. पुसलं की लगेच दोन सेकंदांच्या टायमरवर तीन-चार फोटो घ्या, त्यांतला एखादा स्वच्छ निघतो. मोठी छत्री आणि ती धरणारा माणूस ही या सगळ्यांपेक्षा चांगली व्यवस्था.

लेन्स आतून धुरकट झाली तर ते थेंब नव्हेत. एसी गाडीतून थंड झालेली काच दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प धरतं. पोहोचण्याआधी शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा किंवा कॅमेरा बंद पिशवीत डिकीत ठेवा. धरलंच तर पुसत बसू नका, पिशवीबाहेर वीसेक मिनिटं राहू द्या. लेन्स बदलायची असेल तर गाडीतच बदला.

ट्रायपॉड वाहत्या पाण्यात उभा करू नका. प्रवाह पायांना सारखा थरथरवतो आणि १/४ सेकंदात ती थरथर स्पष्ट दिसते. टाळता आलंच नाही तर जाड पाय पाण्यात, सर्वांत बारीक टप्पा बंद, रबरी टोक खडकाच्या खाचेत. मधल्या दांड्याला पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू दे, वाऱ्यात झुलणारी पिशवी उलट कंप देते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. नापण्याच्या काचेच्या पुलावर ट्रायपॉड लावू नका, माणसं चालली की पूल थरथरतो. तिथून हातात धरून १/१२५च्या वरचे फोटो घ्या.

उभं कुठे राहायचं हे फोटोपेक्षा आधी ठरवा. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस पडत असू शकतो आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. पोहोचल्यावर पाण्याच्या काठाशी एक ओळखीचा दगड हेरून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी त्याकडे बघा. दगड बुडू लागला, नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली किंवा आवाज जड झाला, यांतली एक गोष्टही पुरेशी आहे: ट्रायपॉड उचलून वर या, पिशवी मागे राहिली तर राहू दे. प्रवाहाच्या मधल्या खडकावर कधीच सामान मांडू नका, परतीची वाटच सर्वांत आधी बंद होते. कोंडीत, धारेच्या थेट खाली उभं राहू नका. पाण्याबरोबर दगडही येतात. निघण्याच्या दिवशी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आणि मुंबई किंवा गोव्याचं रडार बघा. लाल इशाऱ्याला जायचं नाही, नारिंगीला पाण्याजवळ जायचं नाही. परतीचा रस्ताही बघा. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की खाडीकाठची गावं आणि रस्ते बंद होतात. जुलै २०२१चा चिपळूणचा पूर सगळ्यांना आठवत असेल.

निसरड्यावर हिरव्या शेवाळापेक्षा काळपट, चकचकीत थर जास्त फसवा. रबरी तळव्याच्या खोल नक्षीपेक्षा मऊ रबर महत्त्वाचं. जळवांना मीठ पुरतं, घाबरून ओढू नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका पावसाळी कोकणात खरा आहे. फांदीला हात घालण्याआधी बघा, ओढ्याकाठच्या झुडपात हाताच्या उंचीवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो आणि तो हलत नाही. उक्षीजवळच्या रानपाट धबधब्याला रेल्वेरुळावरून चालत जाऊ नका, तो गुन्हाही आहे आणि बोगद्याजवळ गाडीचा आवाज उशिरा कळतो.

फोन असेल तर फार अडत नाही. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडा. अँड्रॉइडवर प्रो मोडमध्ये आयएसओ ५० आणि १/१५पासून सुरुवात करा. फोनचं छिद्र सहसा बदलत नाही, म्हणून उजेडात पाणी जळणारच. सकाळची सावली गाठा आणि फोन दगडाला टेकवून टायमर लावा.

आता फिल्टर. ढगाळ दिवशी झाडीखाली आयएसओ १००, एफ/८ ला १/१५ ते १/३० सहज मिळतं. भर पाण्याला तेवढंच हवं आहे, म्हणजे एनडीची गरजच नाही. आधी सर्क्युलर पोलरायझर घ्या. तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि ओल्या पानांवरची, खडकावरची पांढरी चमक काढतो. टोकापर्यंत फिरवू नका, सगळी चमक गेली की खडक ओला वाटत नाही. जुन्या १८-५५ लेन्समध्ये फोकस करताना पुढची काच फिरते, म्हणून आधी फोकस, मग पोलरायझर. नोव्हेंबरच्या सकाळी एफ/११ ला पोलरायझरसह १/३ सेकंद मिळतो, त्यावर एनडी८ (उजेड आठपट कमी करणारा) लावला की दोन-अडीच सेकंद. उन्हात काढायची हौस असेल तर एनडी६४: एफ/८ ला पोलरायझरसह १/३च्या आसपास. एनडी१००० धबधब्याला लागत नाही. स्वस्त व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करता येणारे) एनडी वाइडला आकाशात काळी फुली उमटवतात. एफ/१६च्या पुढे छिद्र बारीक करून वेळ वाढवू नका, क्रॉप सेन्सरवर सगळंच मऊ होतं. आकार घेताना लेन्सच्या पुढच्या रिंगवरचा मिमीतला आकडा बघा. दोन्ही लेन्सचे आकडे वेगळे असतील तर मोठ्याचा फिल्टर आणि लहानासाठी स्टेप-अप रिंग. दमट हवेत फिल्टर अडकला तर पकडीने आवळू नका, कडेभोवती जाड रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा.

घरी आल्यावर पिशवी तशीच कपाटात ठेवलीत तर गणपतीपर्यंत लेन्समध्ये बुरशीची जाळी दिसेल. त्या रात्री सगळं उघडून पंख्याखाली ठेवा, ट्रायपॉडचे पाय पूर्ण ओढून पुसा, मग कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरता येतं, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. नारिंगी जेल घ्या आणि त्यालाही जुनं भांडं वेगळं ठेवा.